रंग ओला नव्हता

"अहो, जरा वळा बघू."

"आता कशाला? आधी चहा टाक. उद्घाटन करून दमलोय मी."

"चहा टाकते. आधी वळा."

चष्मेवाले वळले. बायकोने कपाळाला हात लावला.

"तुमच्या मागे काय आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"माझ्या मागे? माझ्या मागे बहुमत आहे," चष्मेवाले ऐटीत म्हणाले.

"बहुमत हिरवं असतं का?"

मग तिने त्यांना आतल्या खोलीत नेलं, कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि हातात दुसरा छोटा आरसा दिला. पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर आडवे हिरवे पट्टे उमटले होते. तसेच पट्टे पँटवर, जिथे माणूस बसतो तिथे. बागेतल्या नव्या बाकाच्या फळ्या जशाच्या तशा अंगावर छापल्या गेल्या होत्या. मधल्या फटीसुद्धा चुकल्या नव्हत्या.

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून सगळी संध्याकाळ सरकली. बागेची फीत कापून झाल्यावर ते बाकावर ऐसपैस बसले होते. उठताना चर्र असा आवाज आला होता, पण टाळ्यांमध्ये त्यांनी तो मनावर घेतला नव्हता. नंतर बाजारातून चालत घरी येताना जो तो थांबून म्हणत होता, "तुम्ही पुढे व्हा, साहेब." लोकांना आपल्याबद्दल इतका आदर आहे हे पाहून त्यांना भरून आलं होतं.

"म्हणून सगळे मला पुढे जा म्हणत होते!"

"मग काय तर," बायको म्हणाली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू तिला आवरेना. तिचं पाहून चष्मेवालेही हसायला लागले. "कपडे काढा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून बघते. निघेल असं वाटत नाही. आणि उद्या कोणी विचारलं तर सरळ सांगा, बसलो, रंग लागला. चार लोक हसतील आणि कामाला लागतील."

चष्मेवाल्यांना ते पटलं. चहा पिऊन, जेवून ते गाढ झोपले.

ते मूळचे राजकारणातले नव्हतेच. बाजारपेठेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. वॉर्डातल्या निम्म्या नाकांवर त्यांनीच बसवलेले चष्मे होते, त्यामुळे नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा लोकांनी शेजारधर्म म्हणून मतं टाकली. नगरपालिकेत दोन तट होते. एक सिमेंटच्या व्यापाऱ्याचा, दुसरा बसगाड्यांच्या मालकाचा. दोघांकडे सारखीच माणसं. सिमेंटवाल्यांना अध्यक्षपदी बसवाले चालत नव्हते, बसवाल्यांना सिमेंटवाले सहन होत नव्हते, आणि विरोधी पक्षाच्या वकीलसाहेबांना दोघेही डोळ्यांसमोर नको होते.

अशात सिमेंटवाले डोळे तपासायला आले. अंधाऱ्या खोलीत यंत्रावर हनुवटी टेकून बसले. चष्मेवाल्यांनी काच बदलत नेहमीप्रमाणे विचारलं, "हे बरं, की हे बरं?"

सिमेंटवाल्यांनी उसासा सोडला. "हेही नको आणि तेही नको. खरं सांगू का, तुम्हीच बरे!"

"मी?"

"होता का अध्यक्ष?"

"बघू," चष्मेवाले म्हणाले. ते कशालाही बघूच म्हणत. धंद्याची सवय. त्या संध्याकाळी बसवाले चष्म्याची दांडी बदलायला आले आणि त्यांनीही तेच विचारलं. त्यांनाही चष्मेवाले बघूच म्हणाले. हा माणूस आपलाच, असं दोघांनाही वाटलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा झाला, फक्त या तिसऱ्याला आपला काय लाभ झालाय हे कळायला चार दिवस लागले.

सकाळी दुकान आणि दुपारी नगरपालिका असा त्यांचा कारभार चालला होता. आणि नगरपालिकेत त्यांना सांभाळायला तात्पुरते होते.

तात्पुरते म्हणजे अध्यक्षांचे सचिव. फार वर्षांपूर्वी कोणा एका अध्यक्षांनी त्यांना तात्पुरतं नेमलं होतं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. पुढे कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले, तात्पुरते मात्र कायम राहिले.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या वर्तमानपत्रात चष्मेवाल्यांचा पाठमोरा फोटो झळकला. खाली ओळ होती, 'नव्या उद्यानाची अध्यक्षांवर छाप.' दुकानात गिऱ्हाइकं हसत होती, चष्मेवालेही हसत होते. एकाला तर त्यांनी फोटो जवळ धरून पट्टे मोजून दाखवले. तेवढ्यात तात्पुरते धापा टाकत आले आणि त्यांना काउंटरमागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले.

"साहेब, तुम्ही हसलात?"

"हसलो."

"कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच."

तात्पुरत्यांनी डोळे मिटून घेतले. "साहेब, हसलात म्हणजे मान्य केलंत. आज रंग ओला होता म्हणाल. उद्या विचारतील, मग उद्घाटनाची घाई का केली? परवा विचारतील, रंग ओला असल्याची पाटी का नव्हती? आणि मग विचारतील..." इथे त्यांचा आवाज एकदम खाली आला, "पाटी होती तर काढली कोणी?"

"कोणी काढली?"

"फोटोत वाईट दिसत होती, साहेब," तात्पुरते यंत्रावर साचलेली धूळ बोटाने पुसत म्हणाले.

चष्मेवाल्यांना त्यांची दया आली. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि एका पाटीपायी बोलणी खावी लागणार. "मग करायचं काय?"

"तुम्ही काही करू नका. मी निवेदन देतो."

दुपारी निवेदन निघालं. बाकाचा रंग पूर्णपणे वाळलेला होता. माननीय अध्यक्षांच्या पँटवर दिसणारे पट्टे हे त्या पँटचे मूळचेच आहेत. विरोधकांनी डोळे तपासून घ्यावेत.

शेवटचं वाक्य वाचून चष्मेवाल्यांना बरं वाटलं, कारण त्यात धंद्याची जाहिरात होती. पण तासाभरातच वर्तमानपत्राच्या संपादकांचा फोन आला. "पँटचं समजलं. शर्टाचं काय?"

तात्पुरत्यांनी दुसरं निवेदन काढलं. शर्ट आणि पँट एकाच कापडाचे आहेत.

पुन्हा फोन. "पण फीत कापतानाचा फोटो आहे आमच्याकडे. पुढून तर कपडे पांढरे दिसतायत."

तिसरं निवेदन निघालं. पुढून साधा आणि मागून पट्टेरी, असा हा नव्या धाटणीचा पोशाख आहे.

"अहो, मी जन्मात कधी फॅशन केलेली नाही!" चष्मेवाले कळवळून म्हणाले.

"आता केलीत, साहेब," तात्पुरते म्हणाले. "शिंप्याला मापं घ्यायला बोलावलंय."

शिंपी आला. गळ्यात टेप, कानावर खडू. त्याने अध्यक्षांना मागून पुढून न्याहाळलं आणि अगदी धंद्याच्या गंभीरपणाने विचारलं, "पट्टे बाजूच्या शिवणीपर्यंत घ्यायचे, की अलीकडेच थांबवायचे? फोटोत अलीकडेच थांबलेत."

घरी बायकोने तो नवा पोशाख हातात धरून उलटसुलट करून पाहिला. "एक डाग लपवायला अख्खा डागाचा ड्रेस शिवून घेतलात! ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिले होते. तुम्ही तर भांडं अंगावर घालून निघालात."

"तात्पुरते म्हणतात..."

"तात्पुरत्यांचं ऐकून कायमचं हसं करून घ्या."

तरी चष्मेवाले तो पोशाख घालून नगरपालिकेत गेले. जिन्यात बसवाले भेटले. त्यांनी अध्यक्षांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि ते जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी बसवाले स्वतः तसाच पोशाख घालून हजर! अध्यक्षांवर टीका होत असताना आपण त्यांच्या पाठीशी आहोत, आणि हे पहा पाठीवरच आहे, असं ते भेटेल त्याला वळून दाखवत होते. मग सिमेंटवाले मागे कसे राहणार? त्यांनी आपल्या गटातल्या सगळ्यांची मापं एकदम दिली. आठवडा उलटायच्या आत सत्ताधारी बाजूचे सगळे नगरसेवक पुढून पांढरे आणि मागून हिरवे झाले. शिंप्याने दारावर फळा लावला, 'अध्यक्षीय पट्टा खात्रीने शिवून मिळेल.'

इकडे वकीलसाहेबांना कैक वर्षांनी सूर सापडला होता. पाण्याच्या फुटक्या नळांवर, रस्त्यांतल्या खड्ड्यांवर बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता आणि ऐकायला त्यांचा मेहुणा आणि त्याचे दोन मित्र एवढेच येत. बाकावर बोलायला लागल्यापासून मात्र चौक भरायला लागला. "ज्यांना आपल्या बुडाखालचा ओला रंग कळत नाही, त्यांना गावाचं काय कळणार?" या वाक्याला रोज टाळ्या पडत. वकीलसाहेब ते वाक्य दोनदा म्हणत आणि दुसऱ्यांदा म्हणताना चष्मा काढून हातात घेत. तो चष्माही चष्मेवाल्यांकडचाच होता.

शेवटी त्यांनी जाहीर केलं की रविवारी सकाळी ते स्वतः कार्यकर्त्यांसह पांढरे कपडे घालून त्याच बाकावर बसतील आणि सत्य जनतेसमोर येईल.

रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. वकीलसाहेब घोषणांच्या गजरात बाकावर बसले. दोन्ही बाजूंना कार्यकर्ते दाटीवाटीने बसले. नीट छाप उमटावी म्हणून सगळे पाठ घासून घासून बसले. मग वकीलसाहेब उठले, झटकन वळले आणि जनतेकडे पाठ करून उभे राहिले.

पाठ स्वच्छ होती. पँटही स्वच्छ होती. उद्घाटनाला आता इतके दिवस झाले होते की रंग केव्हाच वाळून खडखडीत झाला होता, आणि हे साधं गणित वकिलांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वकीलसाहेब, तुमच्यावर काही छाप पडली नाही!"

तात्पुरत्यांनी तिथल्या तिथे उभ्याउभ्या चौथं निवेदन दिलं. रंग वाळलेला होता हे खुद्द विरोधकांनी सिद्ध करून दाखवल्याबद्दल अध्यक्ष त्यांचे आभारी आहेत.

वकीलसाहेबही काही कच्चे नव्हते. संध्याकाळी चौकात त्यांनी नवा आरोप केला. सरकारी पंखे लावून रंग गुपचूप वाळवण्यात आला! वाळवणुकीची चौकशी झालीच पाहिजे! आणि तोपर्यंत अध्यक्षांवर अविश्वास ठराव आणण्यात येत आहे.

एवढं सगळं होऊनही गाव मजेत होतं. संपादकांचा खप वाढला होता, शिंप्याला उसंत नव्हती, आणि बाक रंगवणारा रंगारी तर पेढीवर बसलेल्या शेठसारखा गुबगुबीत झाला होता. तो एके सकाळी चष्मेवाल्यांच्या दुकानात आला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिला.

"साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? रंग लावला आणि लगेच वाळला, असं तुम्ही सरकारी शिक्क्यानिशी सांगितलंत. आता लोक म्हणतात, घर रंगवायचं तर याच्याकडूनच."

"पण अरे, तुला तर माहीत आहे ना, रंग ओला होता."

"होता ना! पचपचीत ओला होता. मीच तर पाटी लावली होती," रंगारी आनंदाने म्हणाला. मग आजूबाजूला बघून त्याने आवाज खाली आणला. "पण ते आता कुठे बोलू नका हं, साहेब."

तो गेला आणि मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. आता निवृत्त झाल्या होत्या, पण गावातल्या अर्ध्या लोकांचे कान त्यांच्या हातून पिळले गेलेले. दर वर्षी त्या चष्मेवाल्यांकडेच डोळे तपासत. चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे केली, तशा बाई म्हणाल्या, "बसत नाही. जुना चष्मा ठेवला होता दुरुस्तीला, तेवढा द्या. डोळे यंदा दुसरीकडे तपासीन म्हणते."

"का हो बाई? काही चुकलं का माझं?"

"चुकलं तर बिघडत नाही हो. असं बघा, तुम्ही समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावता. खालच्या ओळी मला दिसत नाहीत. मी सरळ सांगते, दिसत नाही. त्यात लाज कसली? मी 'दिसतंय, दिसतंय' म्हणत बसले असते तर तुम्ही मला बरोबर नंबर दिला असतात का?"

"नसता आला देता."

"आणि हिरवा डाग पाठीवर घेऊन जो माणूस डाग नाहीच म्हणतो, त्याने दिलेला नंबर मी डोळ्यांवर घालून रस्ता कसा ओलांडू?"

बाई रागावल्या नव्हत्या, हेच चष्मेवाल्यांना जास्त लागलं. त्या जुना चष्मा घेऊन गेल्या. मग चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की तक्ता वाचायला बसवून ठेवलेलं एक गिऱ्हाईकही या बोलण्यात उठून गेलं होतं. वडिलांनी हे दुकान सुरू केलं तेव्हापासून आजवर इथून कोणी अविश्वासाने उठून गेलं नव्हतं. नगरपालिकेतला अविश्वास त्यांना चालला असता. हा चालेना.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, "मी उद्या अविश्वास ठरावाच्या सभेत खरं सांगून टाकतो."

"बरं," ती कणीक मळतामळता म्हणाली.

"खुर्ची जाईल कदाचित."

"जाऊ दे. दुकानात आहे की खुर्ची. ती वरखालीसुद्धा होते."

ही बातमी तात्पुरत्यांना सांगायला हवी म्हणून चष्मेवाल्यांनी सकाळी त्यांना सांगितली, आणि सभेच्या आधी सिमेंटवाले आणि बसवाले दोघेही त्यांच्या दालनात एकदम घुसले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघे एका सोफ्यावर बसले.

"चष्मेवाले, हे काय ऐकतोय आम्ही?" सिमेंटवाले म्हणाले.

"रंग ओला होता म्हणणार तुम्ही?" बसवाले म्हणाले.

"होताच ना."

"अहो, होता हे आम्हालाही माहीत आहे! पण मग आम्ही हे असले कपडे घालून गावभर हिंडलो ते काय म्हणून? माझ्या सुनेने माहेरी जाऊन सांगितलंय," बसवाले म्हणाले.

"तुम्ही कबूल केलंत तर आमची मतं धरू नका," सिमेंटवाल्यांनी निक्षून सांगितलं. "दोघांचीही," बसवाल्यांनी जोडलं. बाहेर पडताना दोघांच्या पाठी एकसारख्या हिरव्या दिसत होत्या.

सभागृह गच्च भरलं होतं. वरच्या सज्जात लोक एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होते. कोपऱ्यात मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी चष्मेवाल्यांची बायको. वकीलसाहेबांच्या समोर कागदांचा ढीग होता. त्यांनी शेजारच्या गावातल्या रसायनाच्या प्राध्यापकाकडून रंग वाळण्याचा सविस्तर अहवाल आणला होता, बागेचा मोठा नकाशा आणला होता आणि बाकाची लाकडी प्रतिकृतीसुद्धा आणली होती. चष्मेवाल्यांच्या अंगावर आज साधा पांढरा शर्ट होता. पुढून आणि मागूनही.

वकीलसाहेबांनी ठराव वाचला. "बाकाचा रंग ओला होता हे सत्य नाकारणाऱ्या अध्यक्षांवर या सभागृहाचा विश्वास नाही." मग पाण्याचा घोट घेऊन त्यांनी भाषणाचं पहिलं पान उचललं.

"एक मिनिट," चष्मेवाले उठले. "मला एवढंच सांगायचंय. रंग ओला होता. मी न बघता बसलो. पाटी होती, ती फोटोसाठी आमच्या कार्यालयाने काढून ठेवली. नंतर चार निवेदनं दिली, ती चारही खोटी. चूक माझी. मला माफ करा."

तात्पुरत्यांनी नियमांचं पुस्तक पुढ्यात ओढलं.

"हे... हे काय?" वकीलसाहेब हातात पान धरून उभे होते. "असं कसं? तुम्ही असं एकदम मान्य नाही करू शकत!"

"का?"

"माझं भाषण व्हायचंय अजून! मी सिद्ध करणार होतो!"

"करा ना. माझी हरकत नाही."

"अहो, पण तुम्ही मान्य केल्यावर सिद्ध काय करू? प्राध्यापक खास गाडी करून आलेत!"

सज्जात कोणीतरी फस्सकन हसलं. मग सगळा सज्जा हसायला लागला. हे हसू पहिल्या दिवशी दुकानात होतं तसं होतं, त्यात कोणाची जिरवायची नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंनी टाळी वाजवली, शेजारी बायकोने वाजवली, आणि बघता बघता टाळ्यांचा कडकडाट झाला. सिमेंटवाल्यांनी वर सज्जाकडे पाहिलं, मग बसवाल्यांकडे पाहिलं. दोघांनाही वारा कुठून वाहतो ते चटकन कळत असे, त्यावरच दोघे इतकी वर्षं टिकले होते. दोघांनी एकदमच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि पाठी मात्र काळजीपूर्वक खुर्चीला टेकवून ठेवल्या.

"मतदान घ्या!" वकीलसाहेब ओरडले.

तेव्हा तात्पुरते उठले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. "सभागृहाच्या निदर्शनास आणतो, की ठराव सत्य नाकारणाऱ्या अध्यक्षांविरुद्ध आहे. अध्यक्षांनी सत्य नाकारलेलं नाही. तेव्हा ज्यांच्यावर अविश्वास दाखवायचा असे अध्यक्षच सध्या उपलब्ध नाहीत."

वकीलसाहेबांनी ठराव पुन्हा वाचला. शब्द त्यांचेच होते, स्वल्पविरामासकट. त्यांनी हताशपणे खाली बसकण मारली, ती घाईत बाकाच्या प्रतिकृतीवर, आणि ती मोडली.

सभा संपली, लोक पांगले. वकीलसाहेब मात्र कागद आवरत रेंगाळले होते. चष्मेवाले त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"भाषण फार मेहनतीने लिहिलेलं दिसतंय."

"रात्री जागलो हो."

"मग वाचा की. मी ऐकतो."

वकीलसाहेबांनी संशयाने पाहिलं. पण लिहिलेलं भाषण पोटात ठेवणं त्यांच्याने झालं नसतं. ते उभे राहिले आणि रिकाम्या सभागृहात, एका अध्यक्षापुढे, हातवारे करत त्यांनी सगळं भाषण केलं. चष्मा काढायच्या जागी चष्मा काढला. शेवटच्या काही पानांवर बाकाचा विषय नव्हताच. तिथे पाण्याचे फुटके नळ होते, बंद पडलेला पंप होता, शाळेचं गळकं छप्पर होतं. चौकात लोक बाकाला टाळ्या देऊन निघून जात, त्यामुळे ही पानं आजवर कोणी ऐकलीच नव्हती.

चष्मेवाल्यांनी ती ऐकली. मधे दोनदा थांबवून "हा पंप कुठला?" असंही विचारलं. शेवटी म्हणाले, "हेही सगळं खरंच आहे."

"तुम्ही असं मान्य करत सुटलात तर मी विरोध कशाचा करायचा?" वकीलसाहेब कुरकुरले. पण त्या दिवशी घरी जाऊन ते बऱ्याच दिवसांनी नीट जेवले, असं त्यांचा मेहुणा सांगतो.

पुढच्या आठवड्यात दुकानात गर्दी मावेनाशी झाली. मुख्याध्यापिकाबाईंचा नंबर थोडा वाढला होता, तो त्यांनी चष्मेवाल्यांकडूनच करून घेतला. गावात अध्यक्षांचं नाव निघालं की लोक म्हणत, "माणूस सरळ आहे हो." रंगारी थोडे दिवस तोंड फुगवून होता, पण कामं हातची सुटली नाहीत, रंग वाळायला वेळ लागतो हे आता सगळ्यांना कळलं होतं, म्हणून कोणी घाई करत नव्हतं.

आणि एका दुपारी तात्पुरते अध्यक्षांच्या दालनात आले. चेहरा उजळला होता. वही-पेन्सिल घेऊन अदबीने उभे राहिले.

"साहेब, मी सगळीकडे कानोसा घेतला. चूक कबूल केल्यापासून लोक तुमच्यावर बेहद्द खूश आहेत. आजवर एवढे अध्यक्ष पाहिले, एवढा चांगला उपाय कोणाला सुचला नव्हता. माझं म्हणणं, दर महिन्याला एक चूक करावी आणि जाहीर माफी मागावी. फार मोठी नको, मध्यम. या महिन्यात कुठली करायची?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मुद्दाम कशाला करायला हवी हो, तात्पुरते? झालेल्या आहेत की बऱ्याच."

तात्पुरत्यांची पेन्सिल हवेतच थांबली.

"बसा," चष्मेवाले प्रेमाने म्हणाले आणि शिपायाला दोन चहा सांगितले. "वकीलसाहेबांनाही बोलावून घ्या. त्यांना सगळ्या पाठ आहेत. पाण्यापासून सुरुवात करू."